स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, जन्म: ३० ऑगस्ट १८८३, डभोई, बडोदा संस्थान, मृत्यू: १८ एप्रिल १९६६) हे योगाचे अभ्यासक, संशोधक आणि शारीरिक शिक्षणतज्ज्ञ होते. लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे आणि योगमीमांसा या नियतकालिकाचे ते संस्थापक होत. आसने, बंध आणि प्राणायाम यांचा मानवी शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण, रक्तदाबमापक आणि दाबमापक यांसारख्या साधनांनी तपासण्याचे काम त्यांनी १९२० च्या दशकात सुरू केले. या विषयावरील आरंभीच्या प्रयोगशाळीय संशोधनात त्यांच्या कामाची गणना होते. स्नायूंना हिसका न देता सावकाश ताण द्यावा, तो काही काळ स्थिर ठेवावा आणि हे नियमाने करावे, या आसनपद्धतीला शालेय व्यायामात आणि आरोग्यशिक्षणात स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती गरिबीची होती आणि शिक्षण कष्टाने पार पाडावे लागले. १९०३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. या परीक्षेत त्यांना संस्कृत विषयासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. त्यानंतर त्यांनी बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला. त्या काळात अरविंद घोष तेथे अध्यापन करीत होते. अरविंदांचे विचार आणि लोकमान्य टिळकांची राजकीय चळवळ यांचा तरुण गुणे यांच्यावर खोल परिणाम झाला. देशसेवेसाठी त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले.

संस्कृत ग्रंथ मुळातून वाचण्याची तयारी त्यांना या शिक्षणातून लाभली. पुढे हठयोगाच्या ग्रंथांचा अर्थ लावताना आणि त्यांतील वर्णने प्रत्यक्ष शरीरक्रियेशी ताडून पाहताना ती उपयोगी पडली.

राजरत्न माणिकराव यांच्याकडील शिक्षण

१९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी बडोद्यातील जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य होते. जोर, बैठका, लाठी, लेझीम आदी प्रकार मोठ्या समूहाला एकाच वेळी शिकवता यावेत, अशी शिस्तबद्ध पद्धत माणिकरावांनी रुजवली होती. आखाड्यातील विद्या थोड्या निवडक पठ्ठ्यांपुरती न राहता सर्व मुलांपर्यंत पोचावी, हा त्यामागचा विचार होता.

या शिक्षणामुळे योगाकडे वळण्यापूर्वीच गुणे यांना कसरतीचे शरीर कसे घडते याचा अनुभव होता. जोर-बैठकांनी स्नायूंचे बळ वाढते, परंतु केवळ बळ वाढवणाऱ्या व्यायामाने शरीर लवचिक राहतेच असे नाही. बळ आणि लवचिकता यांतील हा फरक त्यांच्या नंतरच्या लेखनात सातत्याने आढळतो.

अमळनेर येथील कार्य

बडोद्यानंतर गुणे खानदेशातील अमळनेर येथे आले आणि खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात सहभागी झाले. याच संस्थेच्या शाळेत पुढे साने गुरुजी शिक्षक होते. १९१६ मध्ये गुणे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तेथील राष्ट्रीय विचारांच्या वातावरणामुळे ब्रिटिश सरकारने १९२० मध्ये हे महाविद्यालय बंद केले. गुणे यांनी १९२३ पर्यंत खानदेश एज्युकेशन सोसायटीत काम केले आणि विद्यार्थ्यांसाठी भारतीय संस्कृतीचा अभ्यासक्रम आवश्यक विषय म्हणून सुरू केला.

महाविद्यालय बंद पडल्याने राष्ट्रीय शिक्षणाचा त्यांचा पहिला मार्ग खुंटला. त्याच सुमारास त्यांच्या आयुष्याला योगाची दिशा मिळाली. शरीर आणि मन यांच्या शिक्षणातून समर्थ पिढी घडवण्याचे उद्दिष्ट मात्र पूर्वीचेच राहिले.

माधवदासजींची भेट आणि पहिले प्रयोग

१९१९ मध्ये नर्मदेच्या काठी मालसर येथे गुणे यांची परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याशी भेट झाली. माधवदासजी मूळचे बंगालमधील होते. मुंबईत योग इन्स्टिट्यूट स्थापन करणारे श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य होत. माधवदासजींकडून गुणे यांनी आसने, बंध, क्रिया आणि प्राणायाम यांचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले.

या अभ्यासाचे परिणाम स्वतःच्या शरीरावर अनुभवल्यानंतर केवळ गुरुवचनावर विसंबून न राहता ते तपासून पाहावेत, असे त्यांनी ठरवले. १९२०-२१ मध्ये बडोद्यातील रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान बंध आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना दाबमापकाच्या नोंदींतून आढळले. आतड्यात निर्माण होणाऱ्या या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

या प्रयोगांमुळे दोन गोष्टी साध्य झाल्या. गुप्त मानल्या गेलेल्या क्रियांची चर्चा सर्वांसमोर होऊ लागली, आणि योगाविषयीचा दावा मोजमापाच्या कसोटीवर उतरवता येतो हे दिसून आले. प्रचलित समजुतीला मोजमापाने आधार मिळाला नाही तर ती बदलण्याची तयारीही या पद्धतीत गृहीत होती.

कैवल्यधाम आणि योगमीमांसा

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना झाली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील या थंड हवेच्या ठिकाणी प्रयोगशाळा, ग्रंथांचे संशोधन आणि योगाचे प्रत्यक्ष शिक्षण ही तिन्ही कामे एकत्र चालू लागली. त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू झाले. त्यात प्रयोगांच्या नोंदी शास्त्रीय भाषेत दिल्या जात, तसेच सामान्य वाचकांसाठी आसनांची कृती आणि छायाचित्रेही प्रसिद्ध होत. सर्वांगासन, मत्स्यासन आणि शीर्षासन यांच्या वेळी रक्तदाबात होणारे बदल हा आरंभीच्या अंकांतील एक विषय होता.

१९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझ येथे संस्थेची शाखा सुरू झाली. १९३६ मध्ये ती चौपाटीजवळ हलवण्यात आली आणि ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यामुळे शहरात बैठे काम करणाऱ्यांनाही योगशिक्षण घेणे शक्य झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या आजारपणात कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला होता. येल विद्यापीठाशी संबंधित मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहनन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात राहून अभ्यास केला आणि १९३७ मध्ये योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आसने आणि स्नायूंचा ताण

कुवलयानंदांनी आसनांची विभागणी मुख्यतः दोन गटांत केली. पहिल्या गटात शरीरसंवर्धनासाठी करावयाची आसने येतात, उदाहरणार्थ भुजंगासन, शलभासन, धनुरासन, पश्चिमतान, हलासन आणि अर्धमत्स्येंद्रासन. दुसऱ्या गटात ध्यानासाठी आणि विश्रांतीसाठी असलेली पद्मासन, सिद्धासन, शवासन ही आसने येतात. पहिल्या गटाच्या निवडीमागे कण्याच्या लवचिकतेचा विचार आहे. कणा पुढे वाकावा, मागे वाकावा आणि दोन्ही बाजूंना पिळला जावा, अशी योजना या आसनांच्या संचातून होते. एका आसनात जे स्नायू ताणले जातात ते दुसऱ्यात सैल पडतात किंवा आखडतात, त्यामुळे शरीराच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंचा समतोल राहतो.

आसन करण्याची रीत हा त्यांच्या शिकवणीतील महत्त्वाचा भाग आहे. भुजंगासनात प्रथम डोके, मग मान, मग पाठीचा वरचा भाग आणि शेवटी कंबर अशा क्रमाने एकेक मणका सावकाश उचलला जावा, असे वर्णन ते करतात. पश्चिमतानात पायाचे अंगठे पकडण्यासाठी झोके घेऊन वाकणे त्यांना मान्य नव्हते. पहिल्या दिवशी हात जेथपर्यंत पोचतील तेथे थांबावे आणि अवधी व ताण दिवसागणिक थोडा थोडा वाढवावा, असा त्यांचा आग्रह होता. जोराचा व्यायाम आणि आसने लागोपाठ न करता दोहोंमध्ये काही वेळ जाऊ द्यावा, असेही त्यांनी सांगितले. कान वाहणे, डोळ्यांतील नाजूक रक्तवाहिन्या किंवा दुर्बल हृदय अशा तक्रारी असलेल्यांनी शीर्षासन टाळावे, यांसारख्या सूचना त्यांच्या पुस्तकांत आढळतात.

या रीतीचे शरीरशास्त्रीय कारण आता चांगले समजले आहे. स्नायूंमध्ये ताण जाणणारी सूक्ष्म ग्राहके असतात. स्नायू झटकन ताणला गेला की त्यांच्याकडून मज्जारज्जूकडे संदेश जातो आणि तोच स्नायू संरक्षणासाठी आकुंचन पावतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया लिडेल आणि शेरिंग्टन या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये, म्हणजे कैवल्यधामाच्या स्थापनेच्याच वर्षी, सविस्तर मांडली. हिसक्याने ताणलेला स्नायू स्वतःच विरोध करतो आणि अशा वेळी त्याचे तंतू फाटण्याचा धोका असतो. ताण सावकाश दिल्यास हा विरोध कमी राहतो आणि स्नायू लांबू शकतो. कुवलयानंद आणि डॉ. श. ल. विनेकर यांनी योगोपचारावर लिहिलेला ग्रंथ १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने प्रसिद्ध झाला. त्यात आसनांचे स्पष्टीकरण स्नायूंचा स्थायी ताण आणि शरीराची ठेवण सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया यांच्या आधारे केलेले आहे. आसन ही जलद हालचालींची कसरत नसून शरीराची एक स्थिर ठेवण आहे, ही त्या मांडणीची मुख्य भूमिका होय.

शालेय शारीरिक शिक्षण

व्यायामाचा प्रसार हा कुवलयानंदांच्या दृष्टीने संशोधनाइतकाच महत्त्वाचा होता. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले. संयुक्त प्रांतातही त्यांच्या योगिक व्यायामाच्या अभ्यासक्रमाला स्थान मिळाले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यौगिक संघव्यायाम या पुस्तकात आसने मुलांच्या मोठ्या गटाकडून आज्ञेनुसार करवून घेण्याची पद्धत दिलेली आहे. माणिकरावांच्या व्यायाममंदिरातील सामूहिक शिस्त आणि माधवदासजींकडून मिळालेली आसने यांचा संयोग या पुस्तकात दिसतो.

या पद्धतीला महागडी साधने किंवा मोठे मैदान लागत नाही. सपाट जमीन आणि शिकवणारा शिक्षक एवढ्यावर ती चालते. त्यामुळे लहान गावातील शाळेतही ती राबवणे शक्य होते. शिस्तीच्या नादात मुले झटके देऊन हालचाली करणार नाहीत याची काळजी मात्र शिक्षकाला घ्यावी लागते. समूहाचा ताल आणि प्रत्येकाच्या शरीराची मर्यादा यांचा मेळ घालणे हा अशा व्यायामातील अवघड भाग आहे.

शेतीकामाच्या संदर्भातील उपयोग

आसनांचा उपयोग बैठे काम करणाऱ्यांनाच होतो, असा एक समज आहे. कष्टाचे काम करणाऱ्याचे शरीर आपोआप लवचिक राहते, असेही मानले जाते. प्रत्यक्षात कष्टाच्या कामात शरीर बहुधा एकाच दिशेने वाकते आणि तेच स्नायू तासन्‌तास ताणलेले किंवा आखडलेले राहतात.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील कामे याचे चांगले उदाहरण आहेत. कुवलयानंदांच्या हयातीत हा परिसर ठाणे जिल्ह्यात होता. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. येथे पावसाळ्यात भाताची रोपे उपटणे, मुठी बांधणे आणि चिखलात लावणी करणे ही कामे दिवसभर कमरेत वाकून केली जातात. त्यात वारली आणि इतर आदिवासी समाजांतील स्त्रियांचा वाटा मोठा असतो. या स्थितीत पाठीच्या खालच्या भागातील स्नायूंवर सतत ताण येतो, तर पोटाकडील बाजू दबलेली राहते. डहाणू-घोलवड पट्ट्यातील चिकूच्या बागांत याच्या उलट स्थिती असते. लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या जाळीने फळे काढताना हात डोक्याच्या वर आणि मान मागे झुकलेली असते. पहिल्या कामानंतर कणा सावकाश मागे वाकवणारे भुजंगासनासारखे आसन, तर दुसऱ्या कामानंतर मान आणि खांदे पुढे सैल सोडणारी हालचाल शरीराला विरुद्ध दिशेचा ताण देते. कणा सर्व दिशांनी हलवण्याचे कुवलयानंदांचे तत्त्व अशा प्रकारे कामाच्या स्वरूपानुसार लागू करता येते. थकलेल्या शरीराला जास्त ताण न देता थोडा वेळ आणि नियमाने केल्यासच त्याचा लाभ होतो. दुखणे तीव्र असल्यास किंवा पायात मुंग्या येत असल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

उत्तरायुष्य

१९५० च्या दशकाच्या आरंभी लोणावळा येथे गोरधनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले आणि योगशिक्षकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाची सोय झाली. हठयोगाच्या संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या तयार करण्याचे कामही संस्थेत चालू होते. १९५८ मध्ये कुवलयानंद आणि शुक्ल यांनी संपादित केलेले गोरक्षशतक प्रसिद्ध झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी योगोपचारासाठी रुग्णालय सुरू झाले. कुवलयानंदांचे निधन १८ एप्रिल १९६६ रोजी झाले. त्यांच्यानंतर स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा सांभाळली.

नंतरचे संशोधन आणि मूल्यमापन

स्नायूंना ताण देण्याचे फायदे आणि मर्यादा यांवर कुवलयानंदांच्या पश्चात पुष्कळ संशोधन झाले. नियमित ताण दिल्याने सांध्यांच्या हालचालीचा पल्ला वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. दुखापत टळण्याविषयीचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील १,५३८ नवभरती जवानांची १२ आठवडे पाहणी करण्यात आली. कवायतीपूर्वी ताण देणाऱ्या आणि न देणाऱ्या गटांतील पायांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायामाआधी किंवा नंतर ताण दिल्याने स्नायूंचे नंतरचे दुखणे फारसे कमी होत नाही, असे २०११ च्या एका पद्धतशीर आढाव्यात आढळले. एकच ताण मिनिटापेक्षा अधिक काळ धरून लगेच धावल्यास किंवा उडी मारल्यास स्नायूंचे बळ तात्पुरते किंचित घटते, असेही दिसले आहे.

या निष्कर्षांवरून केवळ खेळापूर्वी घाईने दिलेला ताण दुखापत टाळण्यास पुरेसा नसल्याचे स्पष्ट होते. अंग गरम करणारी हलकी हालचाल, हळूहळू वाढवलेला भार, स्नायूंचे बळ आणि पुरेशी विश्रांती यांचीही जोड लागते. स्थिर ताण हा जोराच्या व्यायामापासून वेगळा ठेवावा, तो सावकाश द्यावा आणि त्याला दैनंदिन सवयीचे स्वरूप यावे, ही कुवलयानंदांची रीत या आधुनिक समजुतीशी बऱ्याच अंशी जुळते. ग्रंथी आणि अंतर्गत अवयव यांवरील आसनांच्या परिणामांविषयी त्यांनी मांडलेल्या काही अनुमानांना मात्र तितका भक्कम आधार मिळालेला नाही. त्यांचे प्रयोग आजच्या निकषांनी पाहता मोजक्या व्यक्तींवर केलेले होते. तरीही प्रश्न विचारण्याची आणि मोजून पाहण्याची परंपरा योगाच्या क्षेत्रात रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

वारसा आणि सन्मान

कैवल्यधामातील संशोधन, शिक्षण आणि उपचार ही कामे आजही चालू आहेत. योगमीमांसाचे प्रकाशनही होते. आसने आणि प्राणायाम या विषयांवरील कुवलयानंदांच्या पुस्तकांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या असून योगशिक्षकांच्या अभ्यासक्रमांत त्यांचा वापर केला जातो. २०१९ मध्ये भारतीय टपाल खात्याने भारतीय उपचारपद्धतींतील थोर व्यक्तींवर टपाल तिकिटांची मालिका काढली. तिच्यात स्वामी कुवलयानंद यांच्या तिकिटाचा समावेश आहे.